तक्ला कुठे गेली?

आमच्या ऐन-झुन्नार गावच्या मुख्तारांना कुणी भला माणूस म्हटलं की ते चिडायचे. "भला असतो तर मधमाशा पाळल्या असत्या, शिक्का कशाला सांभाळत बसलो असतो?" म्हणायचे. गावातला जन्म असो, मरण असो की लग्न, त्यांच्या शिक्क्याशिवाय कागद सरकारात जात नसे, आणि कागदात खोट असली तर शिक्का उमटत नसे. नाव वाकीम, पण थोरल्या मुलाच्या नावावरून सगळे अबू शाहीनच म्हणत. मूळचे खालच्या गावचे, लग्नानंतर काही वर्षांनी बायकोच्या घरी राहायला आलेले. "मुख्तार आमचे, पण उंबरा बायकोचा," असं लोक तोंडावर बोलत आणि ते ऐकून सोडून देत.

मी आता सत्तरी कधीच ओलांडली आहे. माझं भलं केलेली माणसं पुष्कळ आहेत, त्यांतली निम्मी मी विसरलेही असेन. या एका माणसाचं ऋण मात्र विसरता येत नाही, आणि त्यांनी जिवंतपणी कधी आभार मानू दिले नाहीत. मी सुरुवात केली की म्हणायचे, "कॉफी थंड होतेय, पोरी." म्हणून आता लिहून मानते. आता कॉफी थंड झाली तरी चालेल.

गोष्ट एकोणिसशे एकोणसत्तरची. मी बावीस वर्षांची, आमच्या डोंगराखालच्या त्रिपोलीच्या बंदराला लागून असलेल्या मीना वस्तीत आईबरोबर राहायचे आणि कपडे शिवायचे. सुतारकाम करणाऱ्या नखलेशी माझं ठरलं होतं. अडचण एकच होती. लग्नाआधी सरकारी पानाचा उतारा लागतो, आणि मला पानच नव्हतं.

आमच्याकडे हे असं आहे. बत्तीस साली शिरगणती झाली, तेव्हा घरागणिक एकेक पान उघडलं गेलं. पुढे मूल झालं की ते बापाच्या पानावर चढतं. मुलीचं लग्न झालं की तिच्या नावावर लाल रेघ मारतात आणि तिला नवऱ्याच्या पानावर नेतात. जो कुठल्याच पानावर नाही तो सरकारच्या लेखी जन्मलेलाच नाही. माझे वडील सर्किस नऊ वर्षांचे असताना एकाच हिवाळ्यात त्यांचे आईबाप विषमज्वराने गेले. ते डोंगरातल्या ऐन-झुन्नारहून मीनात आले, बोटी रंगवायला लागले आणि आयुष्यभर बोटीच रंगवत राहिले. कागद त्यांनी कधी केला नाही. फादरनी ओळखीवर लग्न लावून दिलं. मी बारा वर्षांची असताना वडील वारले आणि माझी ओळख तिथेच लोंबकळत राहिली.

नखलेची आई, उम्म नखले, जिभेची धारदार बाई. "मुलगी छान आहे हो, हातात कला आहे," ती चारचौघींत म्हणायची, "पण सरकारदरबारी ती जन्मलेलीच नाही. मी काय मुलगा वाऱ्याला देऊ?" तिने मुदत घातली. पंधरा ऑगस्टच्या मरियमच्या सणापर्यंत उतारा आला तर ठीक, नाहीतर तिच्या बहिणीची मुलगी होतीच, कागदपत्रांसकट. नखले बिचारा मान खाली घालून रंधा मारत बसायचा. मला त्याचाही राग यायचा. मी शांत स्वभावाची नाही, तेव्हाही नव्हते.

मार्चमध्ये आई आणि मी बसने ऐन-झुन्नारला गेलो. अबू शाहीननी हात पुसले, गावाची जाडजूड वही काढली आणि बोट ठेवून वाचलं, "तन्नूस. बायको हिन्ने. मुलं एक. मुलगी. तक्ला, वय सहा." मग चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "मुलगा नाही."

"असं कसं?" आई म्हणाली. "तन्नूस आणि हिन्नेचा एकुलता एक मुलगा, असं हिच्या वडिलांनीच मला सांगितलं होतं."

"बाई, वहीत आहे ते मी वाचतो. वहीत नाही ते मी काय जन्माला घालू?"

तेलाच्या घाण्याचा मालक मतानियोस शिक्क्यासाठी तिथेच बसला होता. विचारलं नसताना बोलला, "त्या तापाच्या साथीत पुष्कळ पोरं रस्त्यावर फिरायची. तन्नूसने एखादं उचलून आणलं असेल."

आईने ओढणी तोंडावर घेतली. अबू शाहीननी मतानियोसचा कागद समोरून उचलला आणि खणात टाकला. "तुझं काम उद्या."

"अहो, पण मी दोन तास बसलोय!"

"उद्या. आणि उद्या पुन्हा असलं काही बोललास तर परवा."

परतीच्या बसमध्ये मी रडले, पण नखलेसाठी नाही. माझे वडील उचललेलं पोर? रोज सकाळी कामावर जाण्याआधी ते माझी वेणी घालायचे. रंगाने भरलेली बोटं, पण वेणी अशी घट्ट आणि सरळ की शाळेतल्या नन विचारायच्या, कुणी घातली म्हणून. त्या माणसाचे आईबाप कुणी एका घाणेवाल्याने दोन वाक्यांत हिरावून घ्यावेत, हे मला सहनच होईना. लग्न मोडलं असतं तर मी एकदा रडून मोकळी झाले असते. हे त्यातलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी मुख्तारांचा निरोप आला, की एकटी ये. गेले तर वही उघडीच होती.

"तुझ्या बापाचं मला अजून काही कळलेलं नाही," ते म्हणाले. "पण ही पोरगी माझी झोप उडवतेय. ही तक्ला कुठे गेली?"

"मला काय माहीत?"

"बघ इकडे. मुलगी बापाच्या पानावरून दोनच वाटांनी जाते. लग्न झालं तर लाल रेघ आणि नवऱ्याच्या पानाचा आकडा. मेली तर काळी रेघ आणि तारीख. हिला रेघच नाही. त्रेचाळीस वर्षांची बाई बापाच्या पानावर एकटी बसलीय, आणि मी इथे राहायला आल्यापासून तिला कधी बघितलेलं नाही. असं होत नसतं. ती सापडली तर तुझी आत्या. सर्किस माझा भाऊ, असं ती कोर्टात सांगेल."

त्यांचा हिशेब सोपा होता. तक्लाचं लग्न आसपासच्याच कुठल्यातरी गावात झालं असणार आणि त्याची बातमी कुणी वर पाठवली नसणार. चर्चच्या लग्नाच्या वह्यांत मात्र ते असणारच. अशा सात गावांच्या वह्या बघायच्या ठरल्या. "तू चल बरोबर. माझे डोळे थकलेत, आणि शिवणारीची नजर बारीक असते."

एप्रिल ते जून आम्ही दर शनिवारी हिंडलो. बस जाईल तिथवर बसने, पुढे पायी. त्यांच्या झोळीत रोट्या, ऑलिव्ह आणि एक कांदा. त्यातला मोठा वाटा ते मला द्यायचे आणि वर ओरडायचे, "खात का नाहीस? चक्कर येऊन पडलीस तर तुझ्या मृत्यूची नोंद मी कुठल्या पानावर करू?" चर्चच्या मागच्या खोल्यांत कुबट वास आणि उंदरांच्या लेंड्या. मी ओळीवरून बोट फिरवायचे, ते शेजारी उभे राहून पान उलटायचे. एका वहीत नवरीचं वय तेरा. दुसरीत एका लग्नाशेजारी फादरनी नुसतं लिहिलेलं, "वर पळाला." त्यावर अबू शाहीन इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली.

तक्ला पुष्कळ सापडल्या. एकीचा बाप वेगळा, दुसरी वयाने थोरली. एक मात्र अगदी जुळली. बाप तन्नूस, गाव ऐन-झुन्नार. आम्ही धावतपळत तिच्या घरी गेलो, तर ऐंशी वर्षांची ठार बहिरी म्हातारी. तिचा बाप कुणी दुसराच तन्नूस. तिला वाटलं आम्ही मुलगा बघायला आलोय. तिने आम्हाला मसूर-भात वाढला आणि निघताना नातवाचा फोटो माझ्या हातात कोंबला. डोंगरावरच्या मठातही विचारून आलो. तक्ला नावाची नन होती, पण ती सीरियाची. जून संपला. सणाला सहा आठवडे उरले, आणि उम्म नखलेने बहिणीच्या मुलीला जेवायला बोलावल्याचं माझ्या कानावर आलं.

जुलैच्या पहिल्या शनिवारी सातवी वही संपली. आम्ही दोघं थकून त्यांच्या अंगणात आलो. त्यांची बायको उम्म शाहीन तव्यासमोर बसून रोट्या लाटत होती. आता या घराचा एक नियम सांगायला हवा. वहीतली गोष्ट गावात कुणापाशी काढायची नाही, घरात तर नाहीच. लोकांच्या घरातली गुपितं वहीत असतात, ती आपल्या चुलीपर्यंत येता कामा नयेत, हा अबू शाहीनचा बाणा. तीन महिने मी त्या घरी येत होते, जेवत होते, पण कशासाठी येते ते त्या बाईला कुणी सांगितलं नव्हतं. शिवणाचं काही असेल, असं ती समजून होती.

त्या दिवशी माझा धीर सुटला. "तक्ला मेलीच असणार, अबू शाहीन. सोडून द्या आता."

"कुठली तक्ला?" उम्म शाहीनने विचारलं.

"सरकारी काम आहे," ते म्हणाले. "तू रोटी बघ."

माझं डोकं फिरलं. खड्ड्यात गेलं सरकारी काम. "हिन्नेची तक्ला," मी म्हटलं. "तन्नूसची मुलगी."

उम्म शाहीनने लाटणं खाली ठेवलं आणि पिठाचा हात तोंडावर नेऊन हसायला लागली. "हिन्नेची तक्ला? अगं, तो सर्किस!"

तव्यावरची रोटी करपली.

मग तिने सगळं सांगितलं. हिन्नेचे तीन मुलगे पाठोपाठ गेले होते. चौथा झाला तेव्हा तिने संत तक्लाला नवस केला, की सात वर्षं हा तुझा. तुझं नाव, मुलीचा वेष. झगा, कानात डूल, लांब केस. सगळं गाव त्याला तक्लाच म्हणायचं. मुलगा म्हणून हाक मारली असती तर मरणाने ऐकलं असतं ना. सात वर्षं पूर्ण झाली तेव्हा संतिणीच्या सणाला चर्चमध्ये केस कापले आणि दुसऱ्या दिवसापासून तो विजार घालून पोरांना दगड मारत हिंडायला लागला.

"आणि शिरगणतीच्या माणसाला हे कुणी सांगितलं नाही?" अबू शाहीनचा आवाज चिरका झाला होता.

"कोण सांगणार? जानेवारीत तो माणूस आला, नवस फिटायला आठ महिने बाकी. बोलून दाखवला की नवस मोडतो. आणि डोकी मोजायला आलेल्यासमोर हिन्ने मुलगा असल्याचं कबूल करणार होती होय? तिने मुलगी सांगितली, त्याने मुलगी लिहिली. मी तिथेच तर होते, त्याची वेणी घालत. हिन्नेचे हात रेशमाच्या कारखान्यातल्या उकळत्या पाण्याने गेलेले, तिला वेणी जमायची नाही. रोज मीच घालायचे. घालताना तो विचारायचा, आता कुठली बट वर, आता कुठली? शेवटी त्याचा तोच घालायला शिकला."

मी तिथेच पायरीवर बसून हुंदके देऊन रडले. तन्नूस आणि हिन्ने शेवटी माझेच आजी-आजोबा ठरले होते, आणि तीच वेणी वडिलांनी माझ्याही डोक्यावर घातली होती.

अबू शाहीन मात्र बायकोवर उखडले. "छत्तीस वर्षं झाली लग्नाला! एकदा तरी बोललीस?"

"मुख्तारसाहेब, तुम्ही एकदा तरी विचारलंत? वहीचं नाव घरात काढायचं नाही, हा नियम माझा की तुमचा? सात गावं पालथी घातलीत, स्वतःच्या अंगणात विचारायला काय झालं होतं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. अबू शाहीन उठले. आत गेले, वही घेऊन आले आणि ती ओळ माझ्यासमोर धरली.

"हे अक्षर माझं आहे," ते म्हणाले. "त्या वर्षी शिरगणतीच्या साहेबाबरोबर लेखनिक म्हणून मीच आलो होतो. वरच्या गावात मी कुणाला ओळखत नव्हतो. पोराकडे नीट बघितलं असतं तर कळलं असतं."

"मग का नाही बघितलंत?" मी विचारलं.

ते बायकोकडे न बघता म्हणाले, "फणी हातात धरून एक मुलगी उभी होती. तिच्याकडे बघत होतो."

उम्म शाहीनने करपलेली रोटी कोंबड्यांना टाकली आणि मान खाली घालून दुसरी लाटायला घेतली.

पण बायकोच्या शब्दाला कोर्टात मुख्तारच्या बायकोचा शब्द म्हणतील, हे अबू शाहीनना ठाऊक होतं. कागद हवा. सर्किसच्या जन्मावेळची बाप्तिस्म्याची वही अर्जेंटिनाला गेलेल्या फादरच्या सामानात चुकून गेली होती. उपाय पुन्हा उम्म शाहीननेच सांगितला. "त्याच्या लग्नाची वही बघा. नवसाचं पोर लग्नाला उभं राहिलं की जुने फादर आधी विचारतात, नवस फिटला का. फिटल्याशिवाय लावतच नाहीत."

सोमवारी आम्ही मीनातलं पंचेचाळीस सालचं पुस्तक उघडलं. सात गावं हिंडलो, पण माझ्या आईवडिलांचं लग्न जिथे लागलं ती वही बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण आम्ही तक्लाचं लग्न शोधत होतो. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: वर सर्किस, तन्नूस आणि हिन्ने यांचा मुलगा, राहणार ऐन-झुन्नार. आईच्या नवसाने सात वर्षांपर्यंत तक्ला या नावाने वाढला. केस अर्पण केले, नवस फिटला. खाली ऐन-झुन्नारच्या दोघांच्या सह्या.

अबू शाहीननी ते मोठ्याने वाचलं. मग पहिलं वाक्य पुन्हा वाचलं. आई म्हणाली, "फादर त्यांना आत घेऊन गेले होते खरे. मला वाटलं पापांची कबुली देतायत. बाहेर आले तर लाजलेले." मग ओढणीने डोळे टिपत म्हणाली, "आता बोलवा त्या घाणेवाल्याला."

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "मुख्तार, तुम्ही मुलाला मुलगी लिहिलंत?"

"होय, साहेब. चूक माझी."

"दिसलं नाही?"

"साहेब, झगा होता, डूल होते, वेणी होती, आई मुलगी म्हणत होती. मी काय झगा वर करून बघायचा होता?"

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसले, पण वही दोनदा तपासली. सणाच्या दोन दिवस आधी हुकूम आला. तक्ला खोडलं गेलं आणि तिथे सर्किस आलं. त्यांच्याखाली आईचं नाव चढलं आणि तिच्याखाली माझं, अफीफे. उतारा मी स्वतः उम्म नखलेच्या हातात दिला. तिने उजेडाकडे धरून पाहिला, जसं आम्ही कापड बघतो. काही खोट निघाली नाही.

सतराला, रविवारी लग्न झालं. जेवणं चालू असताना अबू शाहीननी लग्नाचा कागद खिशात घातला. उद्याच कचेरीत देतो म्हणाले. तेव्हा मी त्यांना बाजूला घेतलं.

"माझं नाव त्या पानावर चढून चार दिवस झालेत," मी म्हटलं. "बावीस वर्षांत चार दिवस. उद्या लाल रेघ मारतील."

"मग? नियम आहे तो."

"कागद किती दिवसांत द्यायचा, असा नियम आहे?"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तीस. पण माझ्या हातून आजवर एकही कागद तिसऱ्या दिवसाच्या पुढे राहिलेला नाही. लोक काय म्हणतील, मुख्तार म्हातारा झाला?"

ते रागारागाने आत जेवायला गेले.

महिनाभर उम्म नखले विचारत राहिली, कागद झाला का. तिसाव्या दिवशी दुपारी अबू शाहीन आमच्या दारात आले. बसले नाहीत. घडी केलेला एक उतारा माझ्या हातात दिला. "आधी हा काढून घेतला, मग तुझ्या लग्नाचा कागद दिला. एव्हाना लाल रेघ पडली असेल. हा आता कुठल्याही कचेरीत चालायचा नाही." मी आभार मानायला तोंड उघडलं तर ते पायऱ्या उतरूनही गेले होते.

त्यावर तीन ओळी आहेत. सर्किस, तन्नूस आणि हिन्नेचा मुलगा. त्याची बायको. त्याची मुलगी अफीफे, अविवाहित.

पुढे बऱ्याच वर्षांनी उम्म नखले खण आवरायला बसली होती. तोपर्यंत आमचं बरं जमायला लागलं होतं. तो कागद तिच्या हाताला लागला. "हा जुना कशाला ठेवलायस? ह्याच्यावर तू आता नाहीसच की. फेकून देऊ?"

"राहू द्या," मी म्हटलं. "ते माझं माहेर आहे."

कागद होता तसा घडी करून तिने दोन्ही हातांनी परत ठेवला.